जखमेबाहेर वाढलेल्या अळ्या

गुरांच्या जखमेत पडलेल्या अळ्या काढायला मी लोकांच्या गोठ्यांत जायचो आणि त्यांतल्या काही मुद्दाम आत ठेवून यायचो. लिहिताना आजही मान खाली जाते, पण लिहायला हवं.

मोहोपाड्याजवळच्या एका लहान प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आहे. गुरांच्या जखमेवरची औषधं आम्ही तपासतो. त्यासाठी जिवंत मांस खाणाऱ्या माशीच्या पूर्ण वाढलेल्या अळ्या लागतात. त्या आमच्याकडे वाढत नव्हत्या. खिमा आणि घट्टपणासाठी चायनाग्रास एकत्र उकळायचं, निवलं की रक्त घालायचं आणि ते मिश्रण गुराच्या अंगाइतकं उबदार ठेवायचं, अशी पद्धत होती. सडू नये म्हणून त्यात अँटिबायोटिकही घालत होतो. तरी दुसऱ्या दिवशी झाकण उघडवत नसे. अळ्या डब्याच्या कडेवर चढून मरून पडलेल्या असत.

मग मी सोपी वाट धरली. जखमेतच वाढू दे, म्हटलं.

लोधिवलीच्या एका मावशींच्या गायीच्या खांद्यावर जखम होती. आतल्या अळ्या मराव्यात म्हणून त्या सीताफळाचा पाला वाटून भरणार होत्या. मी म्हणालो, "तीन दिवस काही लावू नका. मी येतो." त्यांनी ऐकलं. तिसऱ्या दिवशी जखमेत मूठ गेली असती. गायीने वैरण खाणं सोडलं होतं. मी अळ्यांनी बाटली भरून घेतली, जखम धुतली, मलम भरलं. गाय वाचली. मी निघताना मावशींनी पिशवीत काकड्या घातल्या. "उपकार झाले रं तुजे."

त्या काकड्या घरी मला खाववल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आमच्या मुख्य बाईंना सगळं सांगितलं. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण त्यांच्यासमोर मी उभाच राहिलो.

"किती गुरं?"

"चार."

त्या म्हणाल्या, "आता पाचवं नाही. अळ्या इथे वाढल्या तर ठीक, नाहीतर हे काम बंद. चला, मिश्रण करा. माझ्यासमोर."

मी पातेलं चढवलं. उकळी फुटल्यावर अँटिबायोटिकची बाटली उचलली, तर त्यांनी मनगटच धरलं.

"अहो, थांबा! हे काय, रश्श्याला मीठ घालताय?"

"उकळत्यात नीट मिसळतं, म्हणून..."

"म्हणजे इतके दिवस तुम्ही औषध शिजवताय!"

सडण्याचं कारण मीच होतो. उकळून औषधाचा जोर जात होता, आणि त्या चुकीपायी मी चार मुकी जनावरं वापरली होती.

त्या आठवड्यात एका बैलाच्या जखमेच्या कडेवर माशीने घातलेली अंडी मिळाली. एकूण एक खरवडून घेतली, वर मलम लावूनच बैल सोडला. इकडे पातेलं उतरवून ठेवलं. हाताच्या आतल्या बाजूला टेकवलं तरी चटका बसेना, तेव्हा रक्त आणि औषध घातलं, वर ती अंडी ठेवली.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं. वास नव्हता! मिश्रण तसंच लाल होतं, आणि अळ्या तोंड आत खुपसून, शेपट्या वर काढून खात होत्या. मी बाईंना हाक मारली ती बाहेरच्या रस्त्यावर ऐकू गेली असेल. आठवडा उलटायच्या आत त्या टपोऱ्या होऊन भुशात कोषात गेल्या. पुढच्या आठवड्यात निळ्या-हिरव्या माश्या निघाल्या आणि काही दिवसांनी त्यांनी पिंजऱ्यातच अंडी घातली. आता आमचं आम्हाला पुरत होतं. त्या दिवशी भिसेगावाहून मी सगळ्यांसाठी वडे घेऊन गेलो. मेलेल्या अळ्या मोजणारा माणूस मी. जिवंत मोजताना चार वेळा चुकलो.

मग लोधिवलीला गेलो. मावशी गोठ्यातच होत्या. सगळं सांगितलं.

"म्हंजे माज्या गायीच्या अंगात तू किडे पोसलेस?"

"हो."

"आनि मी तुला काकड्या दिल्या!"

"हो, मावशी."

"आता कुठं पोसतोस?"

"डब्यात. आता गुरं लागत नाहीत."

"दाव."

मी मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी डोळे बारीक करून शेवटपर्यंत पाहिला.

"मेले माज्या गायीपरीस हितंच जाडले हायत की रं!"

माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही. मी चपला घालत होतो, तेव्हा आतून आवाज आला, "डबा संबाळ रं. तो बंद पडला तर परत माज्या दारात नको येऊस."

"बंद पडणार नाही," मी म्हणालो, आणि कित्येक दिवसांनी माझा आवाज मोकळा निघाला.