याडीच्या नावाची पट्टी

हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाही. नवऱ्याले नाही, बहिणीले नाही. तुम्हाले काहून सांगून राह्यली, मलेच ठाऊक नाही. पण आता बसू देत नाही हे मले.

पुसदकडच्या एका तांड्यावर मी तपासणीच्या कामाले होती. टिकलीएवढी पट्टी, तिच्यावर केसाहून बारीक सुया. दहा मिनिटं गालाच्या आतून चिकटवायची. रक्त नाही, कापाकापी नाही. सुया आतला ओलावा शोषतात, अन् कॅन्सरची खूण असली त प्रयोगशाळेत दिसते. नियम एकच — ज्या गालात माणूस तंबाखू-सुपारीचा खर्रा धरते, त्याच गालाले लावायची. आमच्याकडं ज्याचा त्याचा गाल ठरलेला असते ना!

सेवंताबाईचा डावा. सारा तांडा तिले याडी म्हणते, म्हणजे आई. मीही म्हणायची. त्या गालात पांढरा चट्टा होता. मी पाह्यला होता. हो — पाह्यला होता.

पट्टी लावली तशी याडी कळवळली. "आग लागली वं माय!" म्हणत उपटून मातीत फेकली. त्या दिवशी दोन पट्ट्या आधीच खराब झालत्या. ही तिसरी; चौथीही तिनं फेकली त साहेब ओरडन, हे माहीत होतं. गाडीवाला हॉर्नवर हॉर्न देऊन राह्यलता. मंग मी काय केलं? पाठ फिरवली अन् नवी पट्टी माह्याच तोंडात लावली — उजव्या गालात. जन्मात खर्रा न लागलेल्या गालात! मंग ती डबीत बंद केली अन् वर नंबर टाकला याडीचा.

रिपोर्ट साफ आला. याडीनं तो कागद राशनकार्डासंगं प्लास्टिकच्या पन्नीत ठेवला. पुढं चट्ट्याची जखम झाली. लेक म्हणे, दवाखान्यात चाल; याडी तिले कागद दाखवे. सात महिने दाखवला. त्या सात महिन्यांत मी तिच्या घरी कितीकदा चहा पेली! तोंडातून शब्द नाही काढला. काहून? काम जाईन म्हणून. एवढंच.

परवा दवाखान्यात तिले भेटाले गेलती. अर्धा जबडा काढला तिचा. बोलता येत नाही. मले रडू आवरंना. लेकीले वाटलं, किती जीव आहे बाईचा माह्या मायवर!

याडीनं हात उचलला अन् माहा गाल पुसला. उजवा. पट्टी लावलीती, तोच.