तीन तास कोरडा दांडा

घड्याळमामांनी आयुष्यात कधी मनगटाला घड्याळ बांधलं नाही. नदी जिथे समुद्राला मिळते त्या खाडीत ते नाव चालवत. पाण्याकडे एक नजर टाकून ते "साडेतीन झाले" म्हणाले, की धक्क्यावरचा टपालवाला मुकाट्याने आपलं घड्याळ पाच मिनिटं पुढे करून घेई.

मामांच्या डोक्यात अख्खी खाडी भरलेली होती. खारफुटीत पाणमांजरांनी बिळं कुठे केलीत, वाकड्या चोचीचे पक्षी थंडीत कोणत्या चिखलावर उतरतात, सगळं पाठ. मधोमध असलेला वाळूचा दांडा रोज दोनदा का बुडतो, हेही त्यांना ठाऊक होतं. नदी आणि समुद्र त्या वाळूवरून भांडले. पाणमांजराने निवाडा केला, की अर्धा वेळ वर राहायचं, अर्धा वेळ बुडायचं, म्हणजे कुणाचाच सातबारा नको. ही गोष्ट मामांना त्यांच्या आजोबांकडून आली होती. नाव वल्हवणंही त्यांच्याचकडून आलं होतं.

आणि याच आजोबांवरून सगळं पेटलं.

झालं असं, की एक मोठे निवृत्त अधिकारी खाडीवर पुस्तक लिहायला आले. दोन हिवाळे मामांनी त्यांना नावेतून जावयासारखं फिरवलं. लेखकसाहेब वहीत लिहीत गेले आणि मामा सांगत गेले. पुस्तक छापून आलं तेव्हा मामांची थोरली बहीण, आक्का, चष्मा पुसून मोठ्याने वाचायला बसली. एकशे बाराव्या पानावर ती अडली.

"काय गं? पान चिकटलंय?"

"चिकटलं असतं तर बरं झालं असतं," आक्का म्हणाली. मग तिने वाचलं, "मोठ्या पुरात मद्यधुंद नावाड्याच्या हलगर्जीपणामुळे नाव बुडाली."

तो नावाडी म्हणजे आजोबा. पुरात अकरा खेपा करून त्यांनी पलीकडची माणसं सुखरूप आणली होती. बाराव्या खेपेला धक्क्याच्या ठेकेदाराने नावेत दुप्पट माणसं कोंबली आणि नाव गेली, आजोबांसकट. दारूचं म्हणाल, तर त्या माणसाला खोकल्याच्या औषधानेही झोप येत असे.

मामा तडक लेखकसाहेबांकडे गेले. साहेबांनी कपाटातून ठेकेदाराचं जुनं पत्र काढून दाखवलं.

"हा लेखी पुरावा."

"साहेब, ठेकेदार कशाला लिहील, की मीच माणसं कोंबली म्हणून?"

"मामा, इतिहास तोंडी सांगण्यावर चालत नाही. छापील कागद लागतो," साहेब म्हणाले आणि मामांच्या खांद्यावर थोपटलं.

त्या थोपटण्याने घात केला. मामा "बरं" म्हणून परतले. मामांच्या तोंडून "बरं" ऐकल्याचं आक्काला साठ वर्षांत आठवत नव्हतं. ती घाबरली. नावेच्या तळाला डांबराचे थर द्यावेत तसा मामांनी तो राग आठ महिने जपला. रोज दुपारी ते पुस्तक घेऊन बसत आणि ओळींवरून बोट फिरवत. एके दिवशी बोट थांबलं.

"मिळालं."

"काय मिळालं?"

"पान एकतीस." मामांच्या चेहऱ्यावर बाळ झोपेत हसतं तसं हसू होतं.

तिथे लिहिलं होतं, की ओहोटी लागली की हा दांडा तीन तास कोरडा असतो. मामांनी सांगितलं होतं, की अमावास्या-पौर्णिमेला, उधाणाच्या दिवसांत, तीन तास. अर्ध्या चंद्राला पाणी उतरतंच कमी, तेव्हा जेमतेम चाळीस मिनिटं. साहेबांनी तीन तास ठेवून चंद्र गाळला होता.

दुसरी आवृत्ती निघाली आणि साहेबांनी ठरवलं, की प्रकाशन थेट दांड्यावर करायचं. "रविवारी, मामा! दुपारी!"

मामांनी आकाशाकडे पाहिलं. रविवारी चंद्र बरोबर निम्मा होणार होता. "बरं," मामा म्हणाले.

रविवारी मामांनी साहेबांना, प्रकाशकाला आणि पाच-सहा पाहुण्यांना दांड्यावर उतरवलं. आक्काही गेली. उतरल्याबरोबर तिने चपला काढून पिशवीत घातल्या, आणि मामांना कळलं, की हिलाही चंद्र दिसलाय. मामांनी नाव वीस हातांवर नेऊन नांगर टाकला. माणसाच्या कमरेवर त्या दिवशी पाणी चढत नाही, हे त्यांनी आदल्या दिवशी काठीने दोनदा मोजून ठेवलं होतं. त्यांना साहेब बुडायला नको होते, भिजायला हवे होते.

साहेबांचं भाषण रंगलं. वाकड्या चोचीचे पक्षी दांड्यावरून आधी उठले.

"पाहा, पक्षीसुद्धा अभिवादन करताहेत!" साहेब म्हणाले. आक्काला ठसका लागला.

मग प्रकाशकाचे बूट भिजले. मग पुस्तकांचा गठ्ठा डोक्यावर गेला. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा साहेबांनी भाषण सोडलं.

"मामा! नाव आणा!"

मामांनी शांतपणे पुस्तक उघडलं. "अजून पावणेदोन तास आहेत, साहेब. पान एकतीस."

"अहो, पाणी चढतंय! दिसत नाही तुम्हाला?"

"मला दिसतंय हो. पण माझं तोंडी. तुमचं छापील."

पाहुणे ओरडू लागले. साहेब मांडीपर्यंत पाण्यात, आणि त्यांच्या पायांमधून एक पाणमांजर, जणू निवाडा द्यायलाच, सुळकन गेलं. साहेबांनी किंकाळी फोडली.

"काय हवंय तुम्हाला?"

"एकशे बारा," मामा म्हणाले.

साहेबांच्या ते लक्षात येईना. तेव्हा आक्काने पिशवीतून पेन काढलं आणि प्रकाशकाच्या डोक्यावरची एक प्रत ओढली. "मी सांगते, तुम्ही लिहा. 'नावाडी दारू पीत नसे. अकरा खेपांत त्याने माणसं वाचवली. बाराव्या वेळी ठेकेदाराने नाव जास्त भरली.' खाली सही. तुमचीही करा हो," ती प्रकाशकाला म्हणाली, "तुम्ही साक्षीदार."

कंबरभर पाण्यात, पुस्तक छातीशी धरून, साहेबांनी शुद्धलेखनासकट लिहिलं. मामांनी नाव आणली. ती ओली प्रत आक्काने चुलीपाशी तीन दिवस वाळवली.

तिसऱ्या आवृत्तीत एकशे बाराव्या पानावर ती तिन्ही वाक्यं आली. मामांनी ती आजोबांच्या तसबिरीसमोर उभं राहून वाचली. मग त्यांनी मागे पान एकतीस काढलं. घाईत तेवढं दुरुस्त करायचं साहेब विसरले होते. दांडा अजूनही तीन तास कोरडाच होता.

"सांगून ये त्यांना," आक्का म्हणाली. "कुणी नवखा वाचून अडकायचा."

"नवख्यांना मी नावेत बसतानाच सांगतो," मामा पुस्तक मिटत म्हणाले. "साहेबांचं राहू दे तसंच. ते चौथी आवृत्ती काढणार आहेत म्हणे."