पेटीच्या गुंड्यांना कुंकू

ठाण्यातला एक साहेब विलायतेस परत निघाला, तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात इकडच्या स्वारीकडून पायपेटी घेण्यात आली. खाली पायांनी भाता हलवायचा, वर हातांनी पट्ट्या दाबायच्या. पट्ट्यांच्या वर पाच लाकडी गुंड्या. जी ओढावी तिच्याप्रमाणे पेटीचा आवाज पालटे. गुंड्यांवरची अक्षरे मात्र साहेबाच्या बोटांनी केव्हाच पुसून गेली होती.

एके संध्याकाळी इकडून वाजवणे चालले असता असा गोड आवाज लागला की मी चुलीवरचे पिठले विसरले. दुसऱ्या दिवशी तोच शोधू जाता कधी शेळी निघे, कधी रेडा. मामंजी ओटीवरून म्हणाले, "घरात दुधाचा थेंब नाही, गोठा मात्र झाला." नवमीला देवळात कीर्तन होते आणि साथीला ही पेटी न्यायची होती. तिथे शोभा झाली तर पेटी विकायची, असे त्यांनी सांगून टाकले.

मला ते फार लागले. दुपारी सासूबाई निजल्या की मी भाता न हलवता नुसत्या पट्ट्या दाबून पाही. आवाज होत नसे, त्यामुळे चूकही होत नसे.

पुन्हा तो गोड आवाज लागला, तेव्हा मी ओढलेल्या दोन गुंड्यांना कुंकवाचे बोट लावून ठेवले. "कुंकू असेल ती ओढायची," एवढेच दाराआडून बोलले. ते पसंत पडले. त्यानंतर घरात शेळी नाही, रेडा नाही.

खंडेनवमीला सासूबाईंनी विळी, कोयता, अडकित्ता, इकडची लेखणी मांडून पूजा केली आणि पेटीकडे वळल्या. "अगं, दोघींनाच कुंकू? बाकीच्या तिघींनी काय पाप केलं?"

पेटीवरून आमचे दोघांचे बोलणे चालते हे त्यांना कसे सांगावे? त्यांनी पाचही गुंड्यांना हळदकुंकू वाहिले. इकडे निरोप द्यावा, तर ओटीवर मामंजी आणि चार पाहुणे. तेवढ्यात हमाल आले आणि पेटी गेली.

कल्याणच्या हरिदासबुवांनी महिषासुराचे आख्यान लावले होते. त्यांनी साथीची खूण केली. कुंकू पाहून इकडून पाचही गुंड्या ओढल्या गेल्या आणि देवळात असा रेडा रेकला की माझ्या शेजारचे मूल रडू लागले. लोक हसू लागले. मी खांबाआड सरले. माझ्या मनात पेटी विकलीसुद्धा गेली होती.

बुवा चिपळ्या उंच धरून म्हणाले, "ऐका. आला बरं का महिषासुर."

पुढे त्यांनी हात वर केला की रेडा, खाली केला की शांत. त्या रात्री महिषासुर लवकर मरेना, कारण लोकांना तो मरायला नको होता.

घरी येताना मामंजी ओळखीच्या माणसांना थांबवून पेटी कोणाची ते सांगत होते. जेवताना म्हणाले, "पुढल्या वर्षी रेडा असाच लागला पाहिजे."

"न लागायला काय झालं?" सासूबाई म्हणाल्या. "पाचींना कुंकू मी वाहिलंय."

तेव्हापासून गुंड्यांवरचे कुंकू त्यांचे. गोड आवाजाची खूण मी काजळाने करते, गुंडीच्या खालच्या अंगाला. तिथवर पूजा पोचत नाही.