रानजाई आणि कांडेचोर

माझा चुलतभाऊ मुंबईची नोकरी संपवून धामापूरजवळच्या आमच्या गावी परतला आणि घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देऊ लागला. जन्मभर गावातच राहिलेल्या आम्हाला निसर्ग समजावण्याचं कामही त्याने आपणहून अंगावर घेतलं.

मागच्या पडवीत संध्याकाळी एक वास यायचा, आंबेमोहर शिजत असल्यासारखा. पडवीच्या खांबावर रानजाईचा वेल चढला होता, उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांनी भरलेला. भावाने एवढ्यावरच ठरवून टाकलं. पाहुण्यांना तो छाती काढून सांगे, "हा आमच्या रानजाईचा सुगंध." पाहुणेही तसलेच. डोळे मिटून श्वास ओढत बसत.

पडवीच्या कौलांखाली त्याने मुंबईसारखं प्लायवूडचं छत ठोकून घेतलं होतं. मधल्या जागेत काय हिंडतं ते खरवडण्याच्या आवाजावरून कुणालाही कळलं असतं: उदमांजर, आमच्या बोलीत कांडेचोर. मी त्याला बाजूला घेतलं.

"मेल्या, ता फूल न्हय. वर कांडेचोर रवता. त्याच्या अंगाक भाताचो वास येता."

"तुजा नाक बिघाडला हा," तो म्हणाला.

मी एक फूल खुडून त्याच्या नाकाखाली धरलं. भाताचा मागमूस नव्हता. त्याने हुंगलं आणि म्हणाला, एका फुलाने काय कळणार? पावसाळ्यात वेलावर फूल उरलं नाही, वास मात्र तसाच. तेव्हा म्हणे, पानांनाही सुगंध असतो. मी नाद सोडला.

श्रावणात पुण्याहून एक जोडपं आलं होतं. दुपारी पडवीत आम्ही जेवत होतो. भिजून फुगलेलं छत कडकन मोडलं आणि झोपेतला कांडेचोर, मांजराहून थोराड, काळपट, सोलकढीच्या पातेल्यावर आदळला. तिथून बाईंच्या मांडीवर आणि मग बाहेर. मागे तोच भाताचा वास, नाकात बसेल इतका.

बाई ताट सोडून भिंतीला चिकटल्या. भाऊ जराही गडबडला नाही. शुद्ध मराठीत म्हणाला, "घाबरू नका. रानजाईच्या वासावर येतात ते."

बाईंनी मान डोलावली. नवऱ्याने भोकाचा फोटो काढला. मी हात धुतले आणि उठलो.

छत दुरुस्त झालं. जनावर पुन्हा फिरकलं नाही, वासही गेला. हल्ली भाऊ पाहुण्यांना सांगतो की हवामान बिघडल्यामुळे फुलांना पूर्वीसारखा सुगंध राहिला नाही.