आधी तू खा

"आधी तू खा."

चाचांचं हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. शर्टाच्या वरच्या बटणाला गुंडाळलेला पांढरा दोरा ते सोडायचे, दोन्ही हातांत ताणून धरायचे आणि कपकेक मधोमध कापायचे. सुरी त्यांना चालायची नाही. "सुरीनं केक दबतो. दबलेला केक खोटं बोलतो, मेल्या." मग मोठा अर्धा माझ्यापुढे. मी चावायला लागलो की माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे. "घाई नको. जीभ काय बोलते ती आईक."

आमची बेकरी कतारमध्ये, दोह्याच्या अल मन्सूरा भागात. चाचा तिथले उस्ताद, भट्टीवरचे मुख्य. रत्नागिरीकडचे, तीस वर्षं आखातात काढलेली. मी सांगोल्याकडचा, आठवी नापास, डिलिव्हरीच्या व्हॅनवर ड्रायव्हर. माझी पहिली कंपनी बंद पडली आणि मला परत पाठवायचे कागद तयार होऊ लागले, तेव्हा याच माणसाने माझ्या खांद्यावर हात ठेवून बेकरीच्या मॅनेजरला सांगितलं होतं, "ये मेरा आदमी है." ओळख किती, तर एका हॉटेलात एका टेबलावर आम्ही दोनदा जेवलो होतो.

मी जन्माचा भित्रा. रडारचा कॅमेरा दिसला की गाडी हळू असली तरी पाय ब्रेकवर जातो. मॅनेजरला आम्ही सगळे मुदीर म्हणतो, त्याचा फोन वाजला की मी बसल्या जागी उभा राहतो. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. चाचांना त्याची गंमत वाटायची. "तुला देवानं काळीज दिलं नाय रे, अलार्म दिलाय."

लुसैलच्या नव्या वस्तीत चकाचक बेकऱ्या निघाल्या आणि आमचं गिऱ्हाईक तिकडे वळायला लागलं. मुदीरने हुकूम काढला. दर गुरुवारी दुपारी आम्ही दोघांनी शहरभर फिरायचं, चार दुकानांतून एकेक कपकेक घ्यायचा, खायचा आणि आपला कुठे कमी पडतो ते सांगायचं. जगात असंही काम असतं हे मला माहीत नव्हतं.

एसी चालू ठेवून, डॅशबोर्डवर टिशू पसरून आम्ही व्हॅनमध्ये बसायचो.

"याचं क्रीम टाळूला चिकटतं," मी भीत भीत सांगायचो. "डालड्यासारखं."

"शाब्बास. लोणी वाचवतात. आणि हा?"

"गोड आहे, पण गिळल्यावर काहीच उरत नाही. पाणी प्यायल्यासारखं."

चाचा खूश. ते स्वतः बोटाने केक दाबून तो किती वेळात वर येतो ते बघायचे, कागद सोलताना कान जवळ न्यायचे. एकदा एका मॉलमधला महागडा कपकेक खाऊन मी म्हणालो, "याला आमच्या शाळेच्या ऑफिससारखा वास येतोय." चाचा हसता हसता ठसकले. मुदीरला मात्र गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "सर, उनका मैदा पुराना है."

आम्ही पाच भावंडं. घरी पहिला घास माझ्या वाट्याला कधी आला नाही, आणि कसा लागला हे तर कुणी विचारलंच नाही. इथे उस्ताद मला आधी खायला देतो आणि माझं म्हणणं साहेबापर्यंत नेतो. मी फोनवर बायकोला सांगितलं, "माणूस मनाचा फार मोठा आहे."

शुक्रवारी नमाजला जाताना ते अत्तर लावायचे. आधी कानामागे एक बोट असायचं. पुढे पुढे इतकं लावायला लागले की ते गाडीत बसले की माझे डोळे चुरचुरायचे.

"चाचा, आज कुणाचं लग्न आहे?"

"का? कमी झालं काय?" ते खरंच विचारायचे. मला हसू यायचं. तेव्हा.

मग एका गुरुवारी आम्ही टपरीवरून दोन कप करक घेतला, म्हणजे इथला दाट दुधाचा चहा. मी घोट घेतला आणि खिडकीबाहेर थुंकलो. दूध पार नासलेलं. वळून बघतो तर चाचांनी अर्धा कप संपवलेला.

"चाचा, दूध नासलंय!"

कप ओठाशी थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्यासारखी भीती त्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदा बघितली.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "तो ताप आला ना, त्यात वास गेला. वासाबरोबर चव गेली. गोड-खारट तेवढं कळतं, बाकी सगळी माती."

"मग रोजचं काम?"

"हातानं करतो. घड्याळानं." कप खाली ठेवत म्हणाले, "आणि गुरुवारी तुझ्या तोंडाकडे बघून."

म्हणजे आधी तू खा, याचा अर्थ तो होता. मला राग यायला हवा होता, पण आली ती भीतीच. "धाकटीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष हाय," ते म्हणाले. "एवढं वर्ष, मेल्या. कुठं बोलू नको." मी बोललो नाही. त्यानंतर मात्र कुठलाच कपकेक मला निवांत खाता आला नाही. दोघांचं पोट माझ्या एका जिभेवर होतं.

पुढे वाळवंटापलीकडच्या दुखान गावाची ऑर्डर आली. तिथल्या तेल कंपनीच्या वसाहतीत एका मुलाचा वाढदिवस, साठ कपकेक. मुलाच्या आईने फोनवर तीन तीनदा बजावलं होतं, बदाम नावालाही नको, त्याचा घसा सुजतो, श्वास कोंडतो. उन्हात क्रीम वितळतं, ते तिथे पोचूनच वर घालायचं होतं, म्हणून चाचा सोबत.

चाचांचा एक रिवाज होता. ते दोन नग जास्त भाजायचे आणि माल पोचवण्याआधी वाटेत एक कापून बघायचे. पेट्रोल पंपावर थांबलो. बटणाचा दोरा सुटला. "आधी तू खा."

मी खाल्लं. गिळल्यावर घशाच्या वर, नाकाच्या मागे, काहीतरी उरलं. लग्नातल्या बदामी दुधासारखं. अगदी पुसट.

"जीभ काय बोलते?"

"बरं आहे, चाचा."

असं का बोललो? त्यांची नोकरी, त्यांची मुलगी, माझ्या खांद्यावरचा तो हात, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. गाडी निघाली. दोन्ही बाजूंना नुसती वाळू. आठवी नापास माणसाची जीभ, तिचा काय भरवसा? चुकली असेल तर उगाच एका माणसाचं वाटोळं होईल. आणि चुकली नसेल तर? साठ कपकेक मागे डब्यांत हलत होते, आणि मला त्यातला एकच, न बघितलेल्या पोराच्या हातातला, दिसत होता.

गाडी कडेला घेतली. चारही दिवे लुकलुकत ठेवले.

"चाचा, त्यात बदाम आहे."

चाचांनी उरलेला दुसरा नग घेतला, दोरा न वापरता तोडला, तोंडात घातला, डोळे मिटले. या वेळी मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. बराच वेळ ते चावत राहिले.

"मला काय नाय कळत रे," ते म्हणाले. "तुझं नक्की?"

"नक्की नाही. पण माझ्या पोराला मी दिला नसता."

त्यांनी मान हलवली. बेकरीच्या फळीवर अर्काच्या दोन बाटल्या असायच्या, एक व्हॅनिलाची, एक बदामाची, दोन्ही सारख्याच, तपकिरी काचेच्या. "तीस वर्षं बाटलीवरचं नाव वाचलं नाय मी. झाकण काढायचं, हुंगायचं, ओतायचं. नाक गेलं तेव्हा जागा पाठ केली. फळी पुसताना कोणी जागा बदलली असेल."

"गाडी बिघडली म्हणून सांगू या," मी म्हणालो. "मुदीरला कळणारही नाही."

"आणि पुढच्या खेपेला? तू गावाला गेलेला असलास तर?"

त्यांनी आधी मुलाच्या आईला फोन करून माल उशिरा येईल म्हणून कळवलं. मग मुदीरला लावला, आवाज मोठा ठेवून. "सर, मेरी नाक नहीं है. दो साल से नहीं है. शेल्फ पे व्हॅनिला की जगह जो बाटली है, जरा देखो."

पलीकडे पावलं ऐकू आली. झाकण फिरल्याचा आवाज आला.

"बादाम," मुदीर म्हणाला. "आरामसे वापस आओ."

त्या अर्कात खरा बदाम होता की नुसता वास, मला आजही माहीत नाही. त्या पोराने खाल्लं असतं तर काय झालं असतं, तेही माहीत नाही. म्हणूनच ती भीती अजून गेलेली नाही. त्या दिवशी दुसऱ्या कारागिराने, नवी बाटली फोडून, मला हुंगायला लावून, पुन्हा साठ भाजले. संध्याकाळी पोराचा फोटो आला, नाकावर क्रीम. चाचांनी मोबाइल लांब धरून तो खूप वेळ बघितला.

महिनाभर मुदीरने त्यांना पॅकिंगवर सांभाळलं. मग वरून निरोप आला, नोकरी खलास. विमानतळावर त्यांनी अत्तराची बाटली माझ्या खिशात घातली. "मला काय उपयोग? तुला लागेल."

आता ते गावाकडच्या बेकरीत पाव भाजतात. धाकटीची शेवटची परीक्षा राहिली आहे. "पावाला नाक लागत नाय रे," ते फोनवर हसून सांगतात. मग विचारतात, "जीभ काय बोलते?"

गुरुवारची फेरी मी एकटाच करतो. माझ्याही शर्टाच्या बटणाला दोरा असतो. मोठा अर्धा नकळत उजवीकडच्या रिकाम्या सीटवर ठेवला जातो.

मागे मला सर्दी झाली, दोन दिवस कशाचाच वास येईना. ते दोन दिवस कसे काढले ते कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून रोज सकाळी व्हॅनमध्ये बसलो की आधी डॅशबोर्डच्या खणातून चाचांची बाटली काढतो, झाकण उघडतो आणि नाकाशी धरतो. वास आला की मगच चावी फिरवतो.