सुदामदादांची वकिली

आमच्या वर्गातला सगळ्यात वयस्कर विद्यार्थी आज सकाळी झोपेतच गेला.

आता तो मान माझ्याकडे आला. नकोय मला.

सुदामदादा. बिडकीनचे. वाळूजच्या एका कंपनीत मशीन ऑपरेटर आणि उरलेल्या वेळात एलएलबीचे विद्यार्थी. शेवटचं सेमिस्टर चालू होतं आमचं.

मी हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर बसते. दिवसभर लोकांची बोलणी खाऊन वैतागले आणि चाळिशीत वकिलीला ॲडमिशन घेतली. वकिलीत आणखी बोलणी खावी लागतात, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी दादा कंपनीच्या युनिफॉर्मवरच आले. पोरांना वाटलं, पंखा दुरुस्त करायला आलेत. दादांनी मान वर करून पंखा बघितला, "कंडेन्सर गेलाय" म्हणाले आणि माझ्या शेजारी येऊन बसले.

"दादा, या वयात वकिली कशाला?" मी विचारलं.

"मशीनपुढं उभं राहून पाय गेले, ताई. आता उभंच राहायचं तर कोर्टात राहतो. तिथं मधून मधून बसायला तरी मिळतं."

आमचं मूट कोर्ट, म्हणजे सरावाचा खोटा खटला, मी कधीच विसरणार नाही.

दादांकडे घरमालकाची बाजू होती. उठले, काळा कोट सारखा केला आणि सुरुवातच अशी केली,

"साहेब, आमच्या केसमध्ये दोन लफडी हायेत. करारावर सही नाय, अन् नोटीस लई उशिरा गेली."

अख्खा वर्ग हसत सुटला.

समोरच्या बाजूची पोरगी नुसती बघत राहिली. तिचं सगळं बोलणं यांनीच बोलून टाकलं होतं.

सर भडकले. "अहो, तुम्ही त्यांचे वकील आहात ना?"

"व्हय सर. पण कंपनीत शिफ्ट संपली की पुढच्या माणसाला मशीनचं दुखणं आधी सांगावं लागतं. नाय सांगितलं तर त्याचा हात जातो. तीच सवय लागली बघा."

मार्क गेले ते गेलेच. कँटीनमध्ये मी त्यांना झापलं, असं केलं तर एकही केस जिंकणार नाही म्हणून.

"शिकतो की, ताई. लपवायचं पण शिकतो. जरा टाइम लागंल."

नाही शिकले. मला त्यांचा राग यायचा आणि लई जीवही होता त्यांच्यावर.

वकिलीची सनद दोघांनी एकदमच काढायची ठरली होती. कोर्टासमोर एक टेबल, दोन खुर्च्या. खुर्च्यांच्या रंगावरून भांडणसुद्धा झालं होतं आमचं.

सोमवारी शेवटची परीक्षा सुरू होतेय.

दुपारी बिडकीनला गेले. बुद्धवंदना झाली, सगळं उरकलं, माणसं पांगली. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, शिकायच्या नादात माणूस गेला आमचा. मी ऐकून घेणार होते.

त्या म्हणाल्या,

"कॉलेज लागल्यापासून पहिल्यांदा निवांत झोपले होते ओ ताई. शिफ्टची येळ झाली तरी मी उठवलंच नाय. म्हणलं, झोपू द्यावं जरा."

त्यांचा हात धरून बसले नुसती.

खरं सांगते, थकलेय मी. काउंटर, घर, कॉलेज, आणि आता हे. परत येताना बसमध्ये पुस्तक उघडलं आणि तसंच मिटून ठेवलं. घरी आल्यावर पोरगी म्हणाली, "मम्मी, राहू दे ना या वर्षी."

सोमवारी पेपरला जाणार आहे. दादांसाठी वगैरे नाही, असलं बोललेलं त्यांना पटलं नसतं. मला तो काउंटर सोडायचाय म्हणून जाणार आहे.

आज मात्र अभ्यास नाही. लवकर झोपणार आहे.

पोरीला बजावून ठेवलंय, मी कितीही गाढ झोपलेली दिसले तरी सकाळी मला हलवून उठव.

सुदामदादा, शेवटचा जय भीम.