पक्का हिरवा

तिरंगी बर्फीतला हिरवा पट्टा लोकरीवर चढला आणि उतरायलाच तयार होईना. त्या वर्षीचा पंधरा ऑगस्ट आपल्याला सुखाचा जाणार नाही, हे मला तेव्हाच कळलं.

आधी लोकरीचं सांगते. मी बनारसमध्ये एका खासगी लॅबमध्ये फूड अ‍ॅनालिस्ट आहे. खाण्यात जे नसावं ते शोधून काढणं हे माझं काम. कृत्रिम रंग ओळखायची आमची जुनी आणि स्वस्त रीत म्हणजे पांढरी लोकर. नमुना पाण्यात कालवायचा, जरासं अ‍ॅसिड घालायचं, लोकरीचा धागा सोडायचा आणि उकळायचं. हळद-केशराचा रंग लोकरीवर नीट बसत नाही, कृत्रिम रंग बसतो. मग तोच धागा अमोनियाच्या पाण्यात उकळला की अन्नात चालणारा रंग गुमान उतरतो. सासूबाईंनी एकदा माझ्या पर्समध्ये लोकरीचा गुंडा पाहिला आणि सून अखेर विणायला लागली म्हणून सगळ्या रामघाटावर सांगितलं. ती बातमी मागे घेताना त्यांना फार कष्ट पडले.

एरवीही घरात माझी कीर्ती काही थोर नाही. कुणाच्या मुंजीत मी पंगतीला बसले की साखरभात वाढणारीचा हात माझ्या पानाशी येऊन अडखळतो. "तुझ्याशेजारी जेवायला बसलं की कचहरीत उभं राहिल्यासारखं वाटतं बाई," असं सासूबाई म्हणतात. आमच्या घरची मराठी अशीच, हिंदीत भिजलेली. पिढ्या गेल्या इथे, आता पिळून काढणार कोण?

तर ती बर्फी. मिश्रीलालजी हे आमच्याकडचे जुने हलवाई. एका शाळेने पंधरा ऑगस्टला सगळ्या मुलांना वाटायला त्यांच्याकडे तिरंगी बर्फी सांगितली होती. शाळेची प्राचार्या नवी आणि कडक. लॅबचा रिपोर्ट आल्याशिवाय माल गेटच्या आत येणार नाही, असं तिने बजावलं होतं. म्हणून मिश्रीलालजी स्वतः नमुना घेऊन आले होते. नातीला उचलून घ्यावं तसा डबा छातीशी धरून.

दिसायला बर्फी अशी देखणी की सलाम ठोकावा. केशरी कडक, पांढरा स्वच्छ, हिरवा तर नुकताच रंगवलेला दरवाजा. मुळात ही बर्फी बनारसचीच. वर केशर, मध्ये खवा, खाली पिस्ता. पण खऱ्या केशराचा रंग मलूल असतो आणि पिस्त्याचा हिरवा दमलेला. आताच्या बर्फीचा उत्साह दुसरीकडून येतो.

आपल्याकडे मोजकेच कृत्रिम रंग अन्नात चालतात, तेही ठरावीक पदार्थांत आणि मर्यादेत. केशरी पट्ट्यातला रंग परवानगीचा निघाला, पण हलवायाचा हात सैल सुटला होता. अशा काही रंगांनी कुणाकुणाच्या अंगावर पित्त उठतं, काही मुलं जास्त चळवळी होतात असा संशय आहे. शास्त्रज्ञांचं यावर अजून एकमत नाही, आणि मुलं चळवळी नेमकी कशाने होतात हे मुलांच्या आयांनाही सांगता येत नाही. हिरव्याबद्दल मात्र मतभेदाला जागाच नव्हती. कुठला रंग ओलाव्याबरोबर किती वर चढतो हे ताडून बघायच्या कागदावर परवानगीच्या रंगांचे ठिपके एका ओळीत चढले आणि हा पठ्ठ्या त्यांच्यातल्या एकाशीही जुळेना. नाव निघालं मॅलाकाइट ग्रीन. हा रेशीम रंगवायचा रंग आहे. पोटात गेला तर यकृताला धोका, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याचे गुण चांगले दिसलेले नाहीत.

मी रिपोर्टचा मसुदा घेऊन श्रीवास्तव सरांकडे गेले. सर आमचे डायरेक्टर. केमिस्ट्री त्यांनी कॉलेजात सोडली, पण क्लायंट कधी सोडला नाही.

"फेल?" सर म्हणाले. "मैडम, पंधरा अगस्त है. तिरंगा फेल?"

"तिरंगा नाही सर, बर्फी."

"देखिए, सफ़ेद पट्टी तो ठीक है न?"

"पांढऱ्यात रंगच नाही."

"तो सफ़ेद पट्टी का रिपोर्ट दे देते हैं. नमूना तो उसी बर्फी का है. झूठ कहाँ हुआ?"

तीस वर्षं मी खोटेपणा मोजत आले होते, पण तो असा सुरीने कापून वेगळा ठेवता येतो हे मला सुचलं नव्हतं.

"सर, मुलं काय पांढरी पट्टी चाटून बाकीची परत करणार आहेत?"

"आप बहुत इमोशनल हो जाती हैं," सर म्हणाले. "ठीक है. मिश्रीलाल को बुलाइए, आप ही समझाइए."

कटू बातमी नेहमी मीच सांगावी असा आमच्या लॅबचा अलिखित नियम आहे. माझ्या आवाजात म्हणे आत्याबाईंचा गोडवा आहे.

मिश्रीलालजी आले. मी धागा दाखवला. हिरवागार, चकचकीत. ते खूश झाले.

"देखा? उतरा नहीं! हमने कहा था न, पक्का माल है."

"तेच तर दुखणं आहे मिश्रीलालजी. उतरायला हवा होता."

"काहे उतरे?" ते चिडले. "पिछले साल उतरा था. उमस में हरा बहकर सफ़ेद में चला गया. मुख्य अतिथि मंच से बोले, यह कौन देश का झंडा है भाई? सारा मोहल्ला हँसा. हमने तभी कसम खाई, अब कच्चा रंग हमारी दुकान में नहीं आएगा. रंगवाले से साफ़ कहा, पक्का हरा दो."

"कुठल्या रंगवाल्याकडून?"

"जहाँ से साड़ीवाले लेते हैं. उनसे पक्का किसका होगा?"

इथे माझ्या डोक्यात उजेड पडला. बनारसबाहेरच्या माणसाच्या डोक्यात तो पडला नसता. इथे पक्कं म्हणजे उत्तम. तुपात तळलेली पुरी-कचोरी ही पक्की रसोई, ती कुणाच्याही हातची चालते. पाण्यात शिजवलेला वरणभात ही कच्ची, तिला सोवळं फार. जुनं शहर म्हणजे पक्का महाल. पक्का गाना, पक्का घाट, पक्की दोस्ती. मिश्रीलालजींनी शुद्ध म्हणून पक्का रंग मागितला. दुकानदाराने धुतला तरी जाणार नाही असा दिला. दोघंही आपापल्या जागी खरे, आणि मध्ये एक शाळा भरून मुलं.

"मिश्रीलालजी, पक्का कपड्याला हवा. पोटात गेलेला रंग कच्चाच बरा. तो जाणारा असावा, राहणारा नाही."

मला वाटलं, आता भांडतील. देशद्रोह काढतील. निदान सरांना हाक मारतील. पण त्यांनी धागा हातात घेतला आणि उजेडाशी धरला.

"बर्फी काटते हैं न, तो किनारे बच जाते हैं," ते म्हणाले. "पोती रोज़ आती है. हरा वाला किनारा ही माँगती है. हम देते हैं."

"आता नातीला देणं बंद करा," एवढंच मी म्हटलं. "डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. घाबरू नका, पण दाखवा."

"दुकान में जितना है, सब फेंक दें?"

"सगळं. आणि गंगेत टाकू नका." हे सांगावं लागतं. आमच्याकडे नको असलेल्या सगळ्या वस्तूंची पहिली वाट तीच.

त्यांनी माल फेकला. रंगाच्या पुड्या माझ्याकडे आणून दिल्या. मग खरं केशर आणि सोललेला पिस्ता घालून नवी बर्फी केली. ती पास झाली. सरांनी रिपोर्टवर अशा दिमाखात सही केली की जणू केशर त्यांनीच निवडलं होतं.

पंधरा ऑगस्टला मुलांच्या हातात बर्फी पडली. वर किंचित पिवळसर, मध्ये पांढरी, खाली मळकट हिरवी. सगळी मुलं ती खाऊन ठणठणीत राहिली. आणि ठणठणीत मुलाची बातमी कधी होत नाही. तक्रारी मात्र दुपारपासून सुरू झाल्या. झेंडा ओळखू येत नाही. हलवायाने रंगात कंजुषी केली. एका पालकाने तर, देशाच्या सन्मानाचा प्रश्न आहे, असं लिहून कळवलं. कडक प्राचार्या या सन्मानापुढे टिकली नाही. पुढच्या वर्षीची ऑर्डर दुसऱ्या हलवायाला गेली. त्याच्या बर्फीचा रंग अगदी कडक होता म्हणे, आणि त्याच्याकडे लॅबचा रिपोर्ट कुणी मागितलाच नाही.

मिश्रीलालजींची नात बरी आहे. तिच्या तपासण्या नीट आल्या. त्यांची फिकी बर्फी दुकानात अजून मिळते, आणि ती घेणारे आम्ही चार-पाच जण आहोत. त्यांतले दोघे डॉक्टर आहेत.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एवढंच शिकले. रंग विषारी आहे की नाही हे लॅब सांगू शकते. पण तो फिका आहे हे सांगायला लॅब लागत नाही, आणि गिऱ्हाईक तेवढंच तपासतं.